‘सवय होते’ हे खोटं आहे

प्रसूती कक्षात नवी मुलगी ड्यूटीला लागते. एक दिवस तिच्या हातात न रडणारं बाळ येतं. मग तिला कुणी ना कुणी एकच वाक्य ऐकवतं : ‘होते गं सवय.’ ऐकवणारी बहुतेक वेळा सीनियर सिस्टर असते. ती दुष्ट नसते. तिलाही वीस वर्षांपूर्वी कुणीतरी हेच ऐकवलेलं असतं. एवढं बोलून ती शेजारच्या टेबलाकडे वळते, कारण तिथे दुसऱ्या बाळाचं डोकं दिसायला लागलेलं असतं. नवी मुलगी ग्लोव्हज बदलते आणि तिच्या मागोमाग जाते. तिचं समुपदेशन संपलेलं असतं.

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात मी सात वर्षं लेबर रूमला होते. हे वाक्य तिथल्या भिंतींनाही पाठ झालं असेल. आणि ते खोटं आहे. सवय होत नाही. बोलणं बंद होतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते सवय झाल्यासारखं दिसतं. या न बोलण्याची किंमत सिस्टर भरते, तशी टेबलावर झोपलेली पुढची बाईही भरते आणि कधी कधी तिचं बाळ भरतं. म्हणून ‘नर्सेसच्या भावना’ असा नाजूक मथळा देऊन हा विषय १२ मेच्या परिचारिका दिनाला गुलाबाच्या फुलासोबत उरकता येणार नाही.

०००

आधी त्या खोलीत काय चालतं ते सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती खोली एकदाच पाहिली आहे, आणि तेव्हाचं तुम्हाला काही आठवत नाही.

२००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हा आकडा ८८.६ टक्क्यांवर गेला, महाराष्ट्रात ९४.७ टक्क्यांवर. मधल्या काळात जननी सुरक्षा योजना आली, आशाताई घरोघर फिरल्या, रुग्णवाहिका पाड्यांपर्यंत पोचल्या. २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू देशात ९७ होते, महाराष्ट्रात ३३. या आकड्यांचा मला अभिमान आहे, त्यात माझ्याही रात्री आहेत.

पण याच आकड्यांचा दुसरा अर्थही बघा. पूर्वी गावोगावच्या घरांत विखुरलेलं बाळंतपणातलं भय, रक्त आणि मरण आता ठरावीक खोल्यांत गोळा झालं आहे. ते रोज बघणाऱ्या बायका त्याच मोजक्या. शिवाय आईचं मरण दुर्मिळ झालं म्हणून हलकं झालेलं नाही. पूर्वी लोक ‘देवाची मर्जी’ म्हणून कपाळाला हात लावायचे. आता दारात उभा असलेला नवरा विचारतो, ‘कुणाच्या चुकीने?’ त्याने ते विचारायलाच हवं. फक्त तो पहिल्यांदा ज्या चेहऱ्याला विचारतो तो सिस्टरचा असतो, आणि त्या चेहऱ्याला उत्तर द्यायची परवानगी नसते.

वार पडल्यावर गर्भाशय आकसून घट्ट गोळा व्हायला हवं. नाही झालं तर नळ सोडल्यासारखं रक्त येतं. एक सिस्टर पोटावरून पिशवी चोळते, दुसरी सलाइन वाढवते, ऑक्सिटोसिन देते. मावशी रक्तपेढीकडे पळते. डॉक्टर आत हात घालून पिशवी दाबून धरतात. टेबलाखालची बादली भरत जाते. बाई आधी खूप बोलत असते, मग पाणी मागते, मग बोलायची थांबते. बहुतेक वेळा ती वाचते. वाचली नाही तर तासाभरात टेबल धुतलं जातं, रबरी चादर बदलली जाते आणि त्याच टेबलावर दुसरी बाई चढते. तीच सिस्टर तिला म्हणते, ‘घाबरू नकोस, काही होत नाही.’

त्या रात्रीची नोंद रजिस्टरात असते. वेळ, औषध, मात्रा, रक्ताच्या किती पिशव्या, डॉक्टरांना किती वाजता कळवलं. सकाळी हँडओव्हर होतो : ‘टेबल तीन, पीपीएच, एक्सपायर्ड, बॉडी दिली, पेपर पूर्ण.’ दुसरी ऐकते, सही करते, औषधांचं कपाट मोजून घेते. दोघींच्या बोलण्यात एकही खोटा शब्द नसतो, आणि रात्री जे घडलं त्यातलं काहीही नसतं.

०००

‘हे ट्रॉमा वगैरे नवीन फॅड आहे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं,’ असं निवृत्तीला आलेल्या अनेकजणी म्हणतात. होतं. फक्त त्याची नावं वेगळी होती. बीपी, पाठदुखी, झोपेची गोळी, घरी मुलांवर ओरडणं, आणि दर सहा महिन्यांनी मेट्रनकडे जाणारा अर्ज : ‘मला लेबर रूमऐवजी दुसऱ्या कोणत्याही वॉर्डला ड्यूटी मिळावी.’ कारणाच्या जागी लिहिलेलं असायचं ‘कौटुंबिक अडचण’.

अमेरिकेत शेरिल बेक आणि रॉबर्ट गेबल या संशोधकांनी ४६४ लेबर रूम नर्सेसचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या ३५ टक्के नर्सेसमध्ये मध्यम ते तीव्र स्वरूपाचा ‘सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस’, म्हणजे दुसऱ्याचा आघात बघून स्वतःला झालेला आघात, आढळला. २६ टक्के तर पीटीएसडीच्या सगळ्या निकषांत बसत होत्या. हा विकार आपण युद्धावरून परतलेल्या सैनिकांशी जोडतो. इथे प्रश्न कुणी चूक केली याचा नव्हता. त्यांनी पाहिलं होतं, आणि पाहणं हाच त्यांचा पगारी उद्योग होता. आमच्याकडच्या ज्या खोलीत रात्री एका सिस्टरच्या वाट्याला पाच-पाच टेबलं येतात, तिथे असंच मोजमाप केलं तर काय हाती लागेल याची धास्ती वाटते.

रुग्णाच्या बाबतीत चूक घडते तेव्हा ज्याच्या हातून ती घडली तोही आतून मोडतो, हे अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं आणि त्याला ‘सेकंड व्हिक्टिम’ असं नाव दिलं. या नावावर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे : ज्या घरातली बाई गेली त्या घरासमोर उभं राहून आपणही ‘बळी’ आहोत असं म्हणणं शोभत नाही. मलाही तो शब्द नको. मला सहानुभूतीही नको. मला हे दाखवायचं आहे की न बोललेला आघात पुढच्या बाळंतपणात हजर असतो.

०००

तो कसा हजर असतो ते बघा. लेबर रूममध्ये बोलणं उतारावरच्या पाण्यासारखं एकाच दिशेने वाहतं. डॉक्टर सिस्टरला सांगतात, सिस्टर मावशीला सांगते, मावशी पेशंटला दटावते. हुकूम वरून खाली जातो. उलट्या दिशेने काहीच जात नाही.

रात्रीचे दोन. पार्टोग्राफवर, म्हणजे कळांची आणि बाळाच्या ठोक्यांची वाटचाल ज्या तक्त्यावर मांडतात त्यावर, रेघ नको त्या बाजूला सरकते आहे. पाणी हिरवट आलं आहे, म्हणजे बाळाने पोटातच शी केली आहे. ठोके मधेच उतरून परत येतात. सिस्टरला कळतंय की डॉक्टरांना उठवायला हवं. पण गेल्या आठवड्यात तिने असंच उठवलं होतं, बाळ सुखरूप निघालं, आणि सगळ्यांसमोर तिला ऐकून घ्यावं लागलं, ‘एवढ्यासाठी फोन केलास? शिकून काय आलीस?’ त्या अपमानाबद्दल ती कुणाशी बोललेली नाही. आज ती म्हणते, अजून दहा मिनिटं बघू. या दहा मिनिटांची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने २००४ साली बाळंतपणातल्या बालमृत्यूंचा आणि कायमच्या इजांचा धांडोळा घेतला. ४७ प्रकरणं होती. मूळ कारणांत सगळ्यात वरचं कारण यंत्र नव्हतं, औषध नव्हतं. ७२ टक्के प्रकरणांत ते होतं संवादातला बिघाड. आमच्याकडे याला ‘समन्वयाचा अभाव’ म्हणतात आणि त्यावर परिपत्रक काढतात. परिपत्रकाने भीती जात नाही. ज्या मुलीला रडल्याबद्दल हसलं गेलं आणि विचारल्याबद्दल झापलं गेलं, ती तिसऱ्या वेळी तोंड उघडणार नाही.

डॉक्टरांचीही यात सुटका नाही. सलग छत्तीस तास उभा असलेला निवासी डॉक्टर झोपेतून उठून खेकसतो, तेव्हा त्याच्यावरही कुणीतरी खेकसलेलं असतं. उतार त्याच्या बराच वरून सुरू होतो.

०००

आता तुमच्या मनातला प्रश्न. ‘पण सिस्टर बायकांना किती वाईट बोलतात!’

बोलतात. ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?’ हे वाक्य मी कानांनी ऐकलं आहे. मांडीवर मारलेली चापट डोळ्यांनी पाहिली आहे. हा अत्याचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली बाळंतपणातल्या अशा वागणुकीविरुद्ध स्वतंत्र निवेदन काढलं, ते उगाच नव्हे. आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. ‘बिचाऱ्यांवर ताण असतो’ एवढ्यावर ही गोष्ट सोडवू नका. ताण असलेली सिस्टर डॉक्टरांच्या बायकोला, नगरसेवकाच्या सुनेला, इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला हे वाक्य ऐकवत नाही. ते ऊसतोडीवरून आलेल्या बाईला ऐकवते, पाड्यावरच्या बाईला ऐकवते, चौथ्या खेपेच्या बाईला ऐकवते. आघात माणसाला कडवट करतो. कडवटपणा कुणावर ओतायचा हे मात्र जात, पैसा आणि भाषा ठरवतात. ओतणारीने याचं उत्तर द्यायलाच हवं.

पण यावर व्यवस्थेने शोधलेला उपाय बघा. भिंतीवर हसऱ्या बाईचं पोस्टर आणि दोन तासांचं ‘सॉफ्ट स्किल्स’चं प्रशिक्षण. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारचा ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू झाला : लेबर रूमचा दर्जा सुधारायचा, बाळंतिणीला सन्मानाने वागवायचं, तपासणी करून गुण द्यायचे, प्रमाणपत्र द्यायचं. चांगला कार्यक्रम आहे. त्याने खोल्या स्वच्छ झाल्या, पडदे आले. तरी प्रशिक्षणातलं ‘गोड बोला’ हे त्याच उतारावरून आलेला आणखी एक हुकूम असतं. जिच्याशी सात वर्षांत कुणी सन्मानाने बोललं नाही, तिला सन्मानाचं वाक्य पाठ करायला लावलं जातं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं होतं की चेहऱ्यावर विकतचा भाव चढवणं हीसुद्धा मजुरी असते, आणि ती करणाऱ्याला हळूहळू स्वतःच्या भावनाही परक्या होतात. विमानात निदान रक्त नसतं.

०००

या सगळ्यावर पांघरूण घालणारा एक मराठी शब्द आहे : सेवा.

या शब्दाचे उपकार मी नाकारत नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने मराठी घरांतल्या, विशेषतः विधवा, बायका नर्सिंग शिकायला बाहेर पडल्या. परक्या शरीराला हात लावणं, रक्त आणि विटाळ हाताळणं हे ज्या समाजाला ओंगळ वाटत होतं, त्याला ते काम पवित्र आहे हे पटवण्यासाठी तेव्हा ‘सेवा’ हाच शब्द उपयोगी होता. त्या बायकांनी तो ढालीसारखा वापरला.

शंभर वर्षांनी त्याच ढालीचं झाकण झालं आहे. सेवा करणारी थकत नाही. सेवा करणारी हिशेब मागत नाही. सेवा करणारीने रडायचं तर देवघरात रडावं. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हाही त्यांना रुग्णांची आणि सेवाभावाची आठवण करून देणारे कमी नव्हते. पदं रिकामी ठेवणाऱ्यांना सेवाभावाची आठवण कुणी करून देत नाही.

आणि दुर्घटना घडली की ही सेविका एका रात्रीत संशयित होते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. कारवाई वरच्या अधिकाऱ्यांवरही झाली. कंत्राटी परिचारिकांच्या नोकऱ्या गेल्या, पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. कोण किती दोषी हे ठरवणं माझं काम नाही. मला त्या पहाटेनंतरच्या रात्री राज्यातल्या प्रत्येक नवजात कक्षात ड्यूटीला गेलेली बाई दिसते. तिच्याशी कुणी काय बोललं? विजेच्या तपासणीची पत्रकं निघतात. तिच्यासाठी पत्रक निघत नाही.

माझ्या रुग्णालयात एका बाळंतिणीच्या मृत्यूनंतर व्यवस्थेने माझ्याशी केलेला पहिला संवाद तीन ओळींचा होता : घटनेबाबत आपला लेखी खुलासा २४ तासांच्या आत सादर करावा. मी तो दिला, त्यात माझ्याकडून काही राहिलं नव्हतं आणि तसं पुढे ठरलंही. पण त्या कागदानंतर आम्ही चौघीजणी त्या बाईचं नाव एकमेकींसमोर कधी घेतलं नाही. घेतलं तर कुणीतरी त्याचा जबाब करेल, असं वाटायचं. मातामृत्यूच्या परीक्षणाची सरकारची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की हेतू दोषी शोधण्याचा नसावा, शिकण्याचा असावा. ते वाक्य छापील आहे. बैठकीत खुर्च्या कशा मांडल्या जातात आणि उभं कोण राहतं, हे त्या वाक्याला माहीत नसतं.

०००

मग करायचं काय? ‘वेळ कुठे आहे’ असं म्हणणाऱ्यांना आधीच सांगते : दर शिफ्टला आम्ही कितीतरी रजिस्टरं भरतो. त्यासाठी वेळ निघतो, कारण ती ड्यूटी आहे. बोलणंही ड्यूटी करा.

आई किंवा बाळ दगावलं, किंवा अगदी काठावरून परतलं, की त्याच शिफ्टमध्ये वीस मिनिटं. डॉक्टर, सिस्टर, मावशी, शिकाऊ मुली, सगळ्यांनी एकाच उंचीवर बसायचं. काय झालं, कुणाला काय दिसलं, कुणाला आत्ता टेबलापाशी उभं राहणं जमणार नाही. त्याचा कागद होणार नाही, गोपनीय अहवालात नोंद होणार नाही. तेवढ्या वेळासाठी दुसऱ्या वॉर्डातून माणूस येईल.

चौकशी करणारा आणि आधार देणारा माणूस वेगळा असेल. आज दोन्ही कामं एकच साहेब करतात, म्हणजे दुसरं काम होत नाही.

मरणाची बातमी सिस्टर एकटीने दारात उभी राहून देणार नाही. डॉक्टर सोबत असतील, बसायला जागा असेल, आणि ती कशी द्यायची हे दोघांनाही शिकवलेलं असेल.

‘लक्ष्य’च्या तपासणीत गुण देताना पडद्यांसोबत हेही विचारा : गेल्या सहा महिन्यांत इथे कोण कोण आपल्या सीनियरला ‘मला हे चुकीचं वाटतं’ असं म्हणू शकलं, आणि पुढे तिचं काय झालं?

आणि पदं भरा. कायमची भरा. जिचं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे ती मन मोकळं करणार नाही.

हे स्वप्नरंजन नाही. केनेथ श्वार्ट्झ हे बॉस्टनमधले वकील कॅन्सरने १९९५ साली गेले. उपचारांच्या काळात माणसांच्या मायेच्या वागण्याने आपल्याला किती बळ दिलं, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या ‘श्वार्ट्झ राउंड्स’मध्ये रुग्णालयातले सफाई कामगारांपासून सर्जनपर्यंत सगळे ठरावीक दिवशी जमतात आणि कामाने मनावर काय केलं त्याबद्दल बोलतात. तिथे रोगाची चर्चा होत नाही. ब्रिटनमध्ये २००९ पासून हे चालू आहे. त्याला यंत्र लागत नाही, टेंडर लागत नाही. कदाचित म्हणूनच आमच्याकडे ते कुणाला सुचत नसावं.

०००

हे वाचणाऱ्या अनेकजणी येत्या काही वर्षांत त्या टेबलावर असतील आणि अनेकजण दाराबाहेर. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. बाळंतपणात सोबत एक बाई आत असू द्या असं आग्रहाने मागा. सरकारी रुग्णालयांत अशा सोबतिणीला परवानगी द्यावी असं केंद्राने २०१६ सालीच सांगितलं आहे. सोबतीण असली की बाळंतिणीचा हात धरायला माणूस असतो, आणि सिस्टरची जीभही सांभाळून चालते.

दुसरी गोष्ट. सिस्टर तुम्हाला वाईट बोलली तर रील करू नका. वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा, न घाबरता करा, पोच घ्या. फक्त त्या तक्रारीत एक ओळ जास्त लिहा : त्या रात्री खोलीत किती टेबलं भरलेली होती आणि सिस्टर किती होत्या. हे दोन आकडे कागदावर आले, की खुलासा फक्त तिच्याकडे मागून कुणाला भागवता येणार नाही.